गोळ्यांसोबतची चिठ्ठी

पिपरी मेघे, वर्धा
दि. ११ जानेवारी २००४

चि. दीपमालास,
जयभीम.

पत्र लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. उशीर म्हणजे एक वर्ष आणि वर एक महिना. आधी डोळ्यांचं कारण होतं, मग रुपेशच्या घराचं काम निघालं, मग पाऊस. खरं तर कारण कोणतंच नव्हतं. मी कार्ड आणायचो, वर जयभीम लिहायचो आणि थांबायचो. अशी चार कार्डं पेटीत पडून आहेत. देवळीची आपली शेजारीण शोभाबाई आता इथेच राहायला आली आहे. तिची मुलगी संक्रांतीला आली आहे, नाशिकला तुमच्याच कॉलनीत राहते, तिच्या हाती हे देतो. म्हणजे पिन कोड चुकायची भीती नाही.

तुझ्या आईचं वर्ष ९ डिसेंबरला झालं. रुपेशने विहारात वंदना ठेवली, मग जेवण. सत्तर पानं उठली. वांग्याची भाजी उरली ती शोभाबाई घेऊन गेली. तुझी वाट पाहिली असं मी म्हणणार नाही, कारण तुला कोणी कळवलंच नव्हतं. रुपेश म्हणाला, "तिले कायले सांगा लागते? तारीख तिले मालूम नाई का?" घर त्याचं आहे, देवळीची खोली सोडल्यापासून मी त्याच्याकडे असतो, दोन वेळचं तो देतो. म्हाताऱ्याने किती बोलायचं.

रुपेशचं मनावर घेऊ नकोस. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तो तुला जे बोलला, "ताई, तुह्या गोळीनं माय मेली," ते दुःखात बोलला. पण त्याच्या डोक्यात ते बसलं आहे हेही खरं. आईच्या रक्त पातळ करायच्या गोळीचं आणि तू पाठवलेल्या बिडी सोडायच्या गोळीचं जमलं नाही, म्हणून डोक्यात रक्त फुटलं, असं तो ज्याला त्याला सांगतो. मी म्हणतो, पोरीने चांगल्यासाठीच पाठवली होती, तिला काय माहीत होतं. असं सांगून मी लोकांची तोंडं बंद करतो.

तू तेव्हा मला तीनदा विचारलं होतंस की बाबा, थैलीत गोळ्यांसोबत चिठ्ठी होती ना. मी नाही म्हटलं होतं. आताही तेच सांगतो. शोभाबाईच्या जावयाने थैली आणून दिली, तिच्यात गोळ्यांचे चार पत्ते, एक शाल आणि चिवड्याचा पुडा होता. चिठ्ठी तुझ्याच घरी राहून गेली असेल. घाईत होतं असं. नर्स झाली म्हणून काय माणूस चुकत नाही? मनाला लावून घेऊ नकोस.

माझी तब्येत बरी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पिकला नाही म्हणतात. जावईबापूंना जयभीम सांग. दोन ओळी लिही.

तुझा बाबा,
नत्थू


पिपरी मेघे
दि. २ फेब्रुवारी २००४

चि. दीपमालास,
जयभीम.

शोभाबाईच्या मुलीचा काल फोन आला. पत्र तुझ्या हातात दिलं म्हणाली. तू ते उघडलं नाहीस, फ्रिजवर ठेवलंस आणि तिला चहा केलास. ठीक आहे. फ्रिजवर ठेवलं म्हणजे फेकलं नाही.

पण तिने दुसरंही सांगितलं, ते ऐकून मी फोन शोभाबाईच्या हातात दिला आणि खाली बसलो. तू दवाखान्याची नोकरी सोडून वर्ष झालं म्हणे. सातपूरच्या कंपनीत खोकी भरतेस. तुमच्या मेट्रनबाई दोनदा घरी येऊन गेल्या, मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाल्या, आणि तू त्यांना काय उत्तर दिलंस तेही तिने मला ऐकवलं. "ज्या हातानं मायले मारलं, त्या हातानं कोणाले सुई टोचू?"

शोभाबाई म्हणाली, "भाऊ, पाणी आणू का? तोंड काहून पांढरं पडलं तुमचं?"

मी म्हटलं, "बीपी असन."

दीपमाला, तू बारावीनंतर नर्सिंगला गेलीस तेव्हा मी जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलत होतो. तुझा पांढऱ्या कपड्यांतला फोटो मी तिथल्या मुकादमाला दाखवला होता. तो म्हणाला, "नत्थू, आता तुले बुखार आला तं सुई फुकट." तो फोटो अजून आहे. ते जाऊ दे.

तुला आईच्या ऑपरेशनची सगळी गोष्ट माहीत नाही. ९६ साली तू नाशिकला ट्रेनिंगला होतीस, ऑपरेशन झाल्यावर आलीस. त्याच्या आधीचं सांगतो.

नागपूरच्या दवाखान्यात तिच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. एका ट्रस्टच्या मदतीतून होणार होतं, आपल्याकडून काही लागणार नव्हतं. नाव यादीत लागायच्या दिवशी रांगेत आमच्या पुढे आर्वीचा एक माणूस होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, तंबाखू? तो सरळ माणूस, म्हणाला, हो साहेब, बिडी पण ओढतो. डॉक्टर म्हणाले, "आधी ते सोड, तीन महिन्यांनी ये." तो कागद घेऊन निघाला. त्याच्यासोबतची बाई रडत होती.

मग आमचा नंबर. तुझी आई स्टुलावर बसली होती, तिला चार वाक्यं बोलायला दोनदा थांबावं लागायचं. तीन महिने ती काढेल असं मला वाटत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "बाईंना तंबाखू, मिश्री, बिडी काही?"

मी म्हटलं, "सुपारीही खात नाई साहेब."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. दिवसाला एक कट्टा बिडी ओढणारी बाई. बारा वर्षांची असल्यापासून, निंदणाला जायची तेव्हापासून. बाहेर आल्यावर मला म्हणते, "अजी, सुपारीचं काहून सांगतलं? आता पानबी बंद का माह्यं?" अशी होती. मरणाच्या दारात मस्करी.

ऑपरेशन झालं. छातीत धातूची झडप बसली, दुपारी ती पडली की मला बाजूला बसून टिक-टिक ऐकू यायची. मग ती जन्मभराची गोळी लागली. झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नागपूरला जायचं, रक्त द्यायचं, आकडा यायचा. अडीच ते साडेतीनच्या मधात पाहिजे. तो कमी आला की गोळी वाढायची, जास्त आला की घटायची. सुरुवातीला तिचा आकडा कमीच यायचा. डॉक्टर गोळी वाढवत गेले. म्हणायचे, "बाई, एवढी गोळी लागते कशी तुम्हाला?" ही म्हणायची, "आमचं रक्तच जाड हाय साहेब, ज्वारी खाणारं." ते हसायचे.

नागपूरला जायच्या दिवशी ती सकाळपासून ओढायची नाही. गाडीत बडीशेप चघळायची. परतीला स्टँडवर उतरली की पहिलं काम माचिस.

आता मला कळतं ते असं. बिडीचा धूर अंगात गेला की ती गोळी लवकर जिरते, म्हणून गोळी जास्त लागायची. म्हणजे तिच्या गोळीचं माप बिडीसकट बसलं होतं आणि बिडीचं नाव त्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं. ते नाव मी घालू दिलं नाही. तेव्हा नाही, आणि पुढे सहा वर्षं नाही.

एवढं तुला सांगायचं होतं. दोष एकट्या तुझा नाही. माझाही वाटा आहे. चिठ्ठी आली असती तरी काय झालं असतं कोणास ठाऊक. आता नोकरीवर जा. मेट्रनबाईंना भेट.

सूनबाईने, रक्षाने, जेवायला हाक मारली आहे. रुपेशची सायकल वाजली. बाकी पुन्हा लिहितो.

बाबा


पिपरी मेघे
दि. १९ फेब्रुवारी २००४
(रजिस्टर पोस्टाने)

दीपमाला,

चिठ्ठी आली होती.

हे वाक्य लिहून मी बाहेर जाऊन आलो. रक्षा कपडे वाळत घालत होती, तिने विचारलं, "बाबा, काही पायजे का?" काही नाही म्हटलं आणि परत येऊन बसलो. आता थांबत नाही. मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. दुसऱ्यात तर खरं सांगतो सांगतो म्हणत लिहिलं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी थैली आली. आम्ही तेव्हा देवळीलाच होतो. दुपारची वेळ, आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. शाल तिने आधी नाकाला लावली. गोळ्यांचे पत्ते उलटेपालटे करून पाहिले. मग चिठ्ठी माझ्या हातात देत म्हणाली, "वाचा ना, काय लिवलं पोरीनं."

मी चौथी पास. बोट ठेवून वाचतो हे तुला माहीत आहे. आधी सगळं मनात वाचलं. वर तू लिहिलं होतंस, गोळी कशी घ्यायची. पहिले तीन दिवस सकाळी एक, मग सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आठवड्याभराने बिडी बंद करायची. ते मी मोठ्याने वाचलं. त्याच्या खाली तू लिहिलं होतंस:

"सुरू करायच्या आधी आईच्या वाल्वच्या डॉक्टरांना ही चिठ्ठी दाखवा. आई बिडी ओढते हे सांगितलं नसेल तर स्पष्ट सांगा. या गोळीने आणि बिडी सुटल्याने तिचं रक्त जास्त पातळ होऊ शकतं. म्हणून दोन महिने दर आठवड्याला रक्त तपासा, ते तिची नेहमीची गोळी कमी करतील. अंगावर काळे-निळे डाग आले, हिरडीतून रक्त आलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बाबा, डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका."

शेवटच्या ओळीखाली तू दोन रेघा मारल्या होत्या. त्यात माझं नाव होतं.

ते मी वाचलं नाही. म्हणजे तिला वाचून दाखवलं नाही.

ती म्हणाली, "अजून?"

मी म्हटलं, "तब्येतीले जपजो म्हणते. बस."

"एवढ्या मोठ्या कागदावर एवढंच?"

"अक्षर मोठं हाय तिचं."

ती कागदाकडे बघत राहिली. तिला अक्षर येत नव्हतं पण ओळी मोजता येत होत्या. मग म्हणाली, "असन," आणि शेंगा सोलायला लागली.

का केलं, ते विचारशील. डॉक्टरांना बिडी सांगायची म्हणजे सहा वर्षांपूर्वीचं खोटं सांगायचं. मला वाटलं ते दवाखान्याचं कार्ड काढून घेतील. गोळी बंद करतील. ट्रस्टवाले म्हणतील, दुसऱ्याचा नंबर तुम्ही खाल्ला. तो आर्वीचा माणूस माझ्या डोळ्यांपुढे यायचा, तो परत आला की नाही मी कधी विचारलं नाही. आणि मनात असंही आलं की बिडी सोडल्याने कोणाचं वाईट झालं आहे? सगळी दुनिया सोडा म्हणते. औषध सुरू करताना विचारा म्हणतात, पण विष सोडताना काय विचारायचं? मला ते खरंच वाटलं. अर्धं खरंच वाटलं आणि अर्धं वाटून घेतलं.

तिने गोळी सुरू केली. दहाव्या दिवशी उरलेला कट्टा स्वतःच्या हाताने चुलीत टाकला. शोभाबाई तेव्हा आपल्या शेजारीच होती, तिला हाक मारून दाखवला. "पाय वो शोभा, चाळीस वर्षाचा नवरा जाळून राह्यली." शोभाबाई म्हणाली, "आणि हा बसला तो?" आई म्हणाली, "हा तं धूरबी देत नाई."

तुझा फोन शोभाबाईकडे आला होता तो त्यानंतरचा. मी तिथेच उभा होतो. आई ओरडून बोलत होती, "आठ दिस झाले माय, एकबी नाई ओढली!" तू पलीकडून काहीतरी विचारलंस आणि ती म्हणाली, "हो हो, डॉक्टरले दाखवते ना मी, दर महिन्याले दाखवते." मला समजलं तू काय विचारलं ते. मी हात पुढे करून फोन घेऊ शकत होतो. शोभाबाईच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा राहिलो.

नोव्हेंबरचा पहिला सोमवार दिवाळीचा निघाला, ओपीडी बंद होती. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. पुढचे सोमवार मी टाळले. एकदा म्हटलं गाडीला गर्दी असेल, एकदा म्हटलं माझी कंबर धरली आहे. ती म्हणायची, "अजी, मी एकटी जातो, मले का रस्ता मालूम नाई?" मी जाऊ दिलं नाही. कारण आकडा वेगळा आला तर डॉक्टर विचारतील, बाई, काय बदललं? आणि ती सांगून टाकेल. तिला बिडी सोडल्याचा एवढा आनंद होता की ती रांगेतल्या सगळ्यांना सांगत सुटली असती.

ते दिवस तिचे चांगले गेले हेही तुला सांगतो. खोकला गेला. फोडणीतल्या कढीपत्त्याचा वास आला म्हणून मला चुलीपाशी बोलावलं होतं, म्हणाली, "असा असते व्हय हा?" दोन भाकरी खायला लागली.

डाग मी पाहिले. डाव्या दंडावर, जांभळासारखा. मग मांडीवर. मी म्हटलं, धुणं धुताना लागलं असेल. हिरडीतून रक्त आलं तेव्हा म्हटलं, दातून कडक असेल. तू लिहिलेल्या दोन्ही गोष्टी एकामागे एक माझ्या डोळ्यांसमोर आल्या आणि तुझी चिठ्ठी माझ्या बंडीच्या खिशात होती. २ डिसेंबरच्या सोमवारी ती साडी नेसून तयार झाली होती. मी म्हटलं, "पुढच्या सोमवारी नक्की जाऊ." ती चिडली, साडी सोडून ठेवली.

पुढचा सोमवार ९ डिसेंबर होता.

सहा तारखेला विहारात मेणबत्ती लावताना तिचं डोकं दुखत होतं. सात तारखेला सकाळी नळावर गुंड भरताना ती खाली बसली, डावा हात उचलेना. पुढचं तू पाहिलंस. आकडा नऊच्या वर निघाला.

तू दुसऱ्या दिवशी पोचलीस, आणि नऊ तारखेला आई गेली. रुपेशला घरात गोळ्यांचे पत्ते सापडले होते. त्याने व्हरांड्यात तुझ्यासमोर फेकले आणि तो बोलला. तू माझ्याकडे वळलीस. "बाबा, चिठ्ठी होती ना? म्या थैलीत टाकली होती. सांगा ना रुपेशले." तीन वेळा. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, "का टेबलावरच राह्यली माह्या?" तुझा आवाज बदलला होता. तू स्वतःवर शंका घ्यायला लागली होतीस, मला ते दिसलं. बंडीवर हात ठेवून मी म्हटलं, "नाई बाई. नव्हती."

तू नाशिकला जाऊन सगळं घर उलथून शोधलंस, हे मला शोभाबाईच्या मुलीने पुढे सांगितलं. गादीखाली, कपाटामागे. जिथे नव्हती तिथे.

मी ती चिठ्ठी दोनदा चुलीपाशी नेली. जाळली नाही. चांगुलपणा म्हणून नाही, मला तुझ्या अक्षराची भीती वाटली. आज आधी मी तिची माझ्या हाताने नक्कल केली, अस्सल हरवू नये म्हणून. नक्कल पाठवणार होतो. मग वाटलं, माझ्या अक्षरातल्या कागदावर तू कशाला विश्वास ठेवशील. म्हणून तुझीच चिठ्ठी या पाकिटात आहे. मागे भुईमुगाच्या शेंगांच्या मातीचा डाग आहे, तो आईच्या बोटांचा.

हे पत्र जपून ठेव. ज्याला दाखवायचं त्याला दाखव.

नत्थू


पिपरी मेघे
दि. १४ मार्च २००४

दीपमाला,

पोचपावती परत आली. सही तुझीच आहे. पोस्टमनला मी दोनदा विचारलं की सही माणसाच्या हातची असते ना, का ऑफिसातलाच कोणी मारतो. तो हसला. तू उत्तर दिलं नाहीस. द्यावंस असं मी म्हणत नाही, पण इथे काय झालं ते तुला कळायला हवं, कारण ते तुझं आहे.

पोचपावती आली त्या दिवशी रुपेश जेवायला बसला तेव्हा मी त्याला सांगितलं. सगळं. नक्कल माझ्याजवळ होती ती दिली. त्याने उजवा हात ताटात ठेवून डाव्या हाताने धरून वाचली. रक्षा भाकरी घेऊन उभी होती. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "हे तुमच्या खिशात होतं? मी तिले बोललो तेव्हा?"

मी हो म्हटलं.

"आणि मी वर्षभर जिकडेतिकडे बोंबलत फिरलो तेव्हा?"

"हो."

"जेवणावळीत बसून तुमी माह्यं ऐकून राह्यले होते? वांग्याची भाजी वाढून राह्यले होते?"

तो उठला नाही, ओरडला नाही, त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने ताट सरकवलं आणि रक्षाला म्हणाला, "यांचं जेवण उद्यापासून बाहेरच्या खोलीत देजो." तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीत आहे. रक्षा ताट आणते, उंबऱ्यावर ठेवते, पाणी ठेवते. एकदा म्हणाली, "बाबा, मीठ बरोबर हाय का?" बस एवढंच बोलणं.

तरी मागच्या सोमवारी तोच मला नागपूरला घेऊन गेला. म्हणाला, "डॉक्टरले तरी सांगतलं का? चला." गाडीत आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. डॉक्टर तेच आहेत, केस पांढरे झाले. आईचं नाव सांगितल्यावर त्यांना ज्वारीचं रक्त आठवलं. मी उभा राहूनच सांगितलं. ९६ सालापासून. ते ऐकत होते आणि कपाळ चोळत होते.

मी विचारलं, "साहेब, तेव्हा मी बिडी सांगतली असती तर ऑपरेशन झालं नसतं ना?"

ते म्हणाले, "झालं असतं. त्यांची अवस्था वाईट होती, मी थांबवलंच नसतं. आर्वीच्या त्या पेशंटची घाई नव्हती म्हणून थांबवलं. तो आजही येतो."

दीपमाला, मी हे ऐकलं आणि मला भिंत धरावी लागली. रुपेशने धरलं नाही.

मग रुपेशने विचारलं, गोळी चूक होती का. त्यांनी तुझी चिठ्ठी वाचली, नक्कल. चष्मा काढून पुन्हा वाचली. म्हणाले, "जिने हे लिहिलं तिला सगळं माहीत होतं. मी याच्यापेक्षा वेगळं काही लिहिलं नसतं. बिडी सोडायलाच हवी होती, गोळीही चालली असती. फक्त आठवड्याला रक्त बघून मी नेहमीची गोळी खाली आणली असती. त्या आज समोर बसल्या असत्या." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता मी नातेवाइकाला बाहेर काढून पेशंटला एकट्याला विचारतो. पुढेही विचारीन."

हे त्यांचे शब्द आहेत, मी एक कमी केला नाही. रुपेश साक्षीला आहे. तुला शंका असेल तर त्याला विचार.

रुपेशने परत येऊन शोभाबाईकडून तुझा नंबर तीनदा लावला आणि घंटी वाजायच्या आत ठेवला. शोभाबाई म्हणाली, "अरे बोल ना, बहीण हाय तुही." तो म्हणाला, "काय बोलू काकू? ताई, मी चुकलो, बाबा खोटं बोलले? एवढ्यानं तिचं वर्ष वापस येते का?" ज्या ज्या घरी तो तुझ्याबद्दल बोलला होता, त्या घरी आता तो स्वतः जातो आहे. काल विहारात सांगितलं. मी मागे बसलो होतो. लोक वळून बघत होते. ते माझ्या वाट्याचं होतं.

मी माफ कर असं वर लिहिलं होतं, ते खोडलं आहे. तुला अक्षर दिसलं तर न दिसल्यासारखं कर. माझ्यासाठी तुला काही करायचं नाही. मी मेलो तरी येऊ नकोस, रुपेश बघेल.

पण मार्च संपायला सतरा दिवस उरले आहेत. मेट्रनबाई मार्चअखेर म्हणाल्या होत्या, त्यात रविवार धरले की नाहीत मला माहीत नाही. त्यांना माझं मागचं पत्र दाखव, हे पत्रही दाखव, डॉक्टरांचं बोलणं दाखव. त्यांना म्हण, ते माझ्या बापाने केलं. तुझे हात चांगले आहेत, पोरी. त्या हातांनी जे लिहिलं होतं ते बरोबर होतं.

मला लिहू नकोस. रुपेशच्या नावाने एक कार्ड टाक. त्यावर फक्त 'रुजू झाले' एवढं असू दे, खाली सही नसली तरी चालेल. तो वाचेल आणि रक्षा ताट ठेवताना मला सांगेल. पोस्टमन अकराला येतो, मी तेव्हापासून दारात असतो. कार्डाला चार दिवस लागतात, म्हणून उशीर करू नकोस. लवकर कळव.

नत्थू